सात डिसेंबरचा गाजर हलवा

आमच्या घरी दर वर्षी ७ डिसेंबरला गाजर हलवा होतो. त्या दिवशी कुणाचा वाढदिवस नसतो, सणही नसतो. दूध उरलेले असते, म्हणून हलवा होतो.

मुलांच्या दादी ५ तारखेला दूधवाल्याला एक लिटरऐवजी चार लिटर सांगतात. त्याच दिवशी पीठ दळून येते, कांदे-बटाटे भरले जातात, ब्लडप्रेशरच्या गोळ्या मोजल्या जातात, सिलिंडर हलवून पाहिला जातो. १९९२ पासूनची ही सवय आहे. ६ तारीख येते आणि शांतपणे निघून जाते. दूध फ्रीजमध्ये तसेच राहते. बाजारात तोवर लाल गाजरे आलेली असतात. मग सात तारखेला सकाळपासून किसणी चालते. आमच्या मुलांना बरीच वर्षे वाटत होते की डिसेंबरचा हा हलवा सगळ्यांच्याच घरी होतो.

२०२५ सालचा हलवा थोडा वेगळा झाला. ती हकिगत सांगायची तर आधी भिवंडीचा डिसेंबर सांगितला पाहिजे.

आमच्या गावची थंडी ती केवढी! नाशिकची माणसे ऐकून हसतील. पण रात्री पंखा बंद झाला की आम्ही थंडी पडली असे समजतो. डिसेंबरच्या सुरुवातीला फजरची वेळ पाच चाळीसच्या आसपास असते. मशिदीत वजूचे पाणी अंगावर काटा आणते. नमाज संपवून बाहेर आले की कोपऱ्यावर नहारी-पायाची देगची उघडलेली असते आणि वाफेत उभे राहूनच अर्धी थंडी जाते. कोकणी घरांत पायाबरोबर तांदळाची भाकर असते, मोमीन घरांत खमिरी रोटी. वाड्याकडच्या आणि शहापूरकडच्या बाया वालपापडी, मुळा, हिरवा लसूण, तुरीच्या शेंगा घेऊन मंडईत बसतात. अंडी महाग होतात. मार्गशीर्षामुळे गुरुवारी फुले आणि फळे महाग होतात आणि कोंबडीला गिऱ्हाईक कमी मिळते. रजया भरणारा पिंजारी गल्लीतून आवाज देत जातो. जुन्या बायका कारखान्यातल्या चिंध्या जमवून गोधडी शिवायला काढतात.

बायकांचे आणखी एक काम याच दिवसांत उरकते. रमजानचे राहून गेलेले कजा रोजे. जूनच्या रोज्यापेक्षा डिसेंबरचा रोजा दोन तासांहून अधिक लहान असतो आणि घशाला कोरडही कमी पडते. पुढचा रमजान फेब्रुवारीतच येणार होता, म्हणून घाई जास्त. आमच्या गल्लीत या आठवड्यात मगरिबच्या वेळी दर दोन-तीन घरांआड कुणीतरी एकटीच खजूर समोर घेऊन बसलेली असे.

आणि माग. भिवंडीत कुठेही उभे राहा, खटखट ऐकू येतेच. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग रुजवले, पुढे यंत्रमाग आले. आता माग चालवणारे उत्तर प्रदेशचे, बिहारचे, ओडिशाचे, तेलंगणाचे. अनेक कारखान्यांत पाळी बारा तासांची. जेवण बिस्सीत, झोप कारखान्याच्या माळ्यावर. थंडीत त्या माळ्यावर ऊब असते, एवढेच सुख. कामगाराला मात्र डिसेंबर आवडत नाही. हवा कोरडी झाली की सूत ठिसूळ होते आणि ताण्याचा धागा वारंवार तुटतो. धागा तुटला की माग थांबवायचा, दोन्ही टोके शोधायची, गाठ मारायची आणि पुन्हा माग सुरू करायचा. म्हणून या दिवसांत कारखान्याच्या जमिनीवर पाणी शिंपडतात. हवेत ओल राहिली की सूत टिकते.

२०२५ साली डिसेंबरचा पहिला आठवडा गडबडीचाच गेला. २ तारखेला राज्यातल्या अनेक नगरपरिषदांचे मतदान झाले. आमच्या भिवंडी-निजामपूर महापालिकेची निवडणूक २०१७ नंतर तोवर झालेली नव्हती. ती होणार म्हणून आपले नाव कुठल्या प्रभागाच्या यादीत गेले ते शोधण्याची धावपळ होती. वक्फच्या मिळकतींची माहिती 'उमीद' पोर्टलवर भरण्याची सहा महिन्यांची मुदत याच आठवड्यात संपत होती. ती सरसकट वाढवून द्यायला सर्वोच्च न्यायालयाने १ तारखेला नकार दिला. तेव्हापासून मशिदींचे विश्वस्त जुन्या सनदा आणि उतारे घेऊन तरुण पोरांच्या लॅपटॉपसमोर रात्री उशिरापर्यंत बसत होते. ४ तारखेला गुरुवार, दत्तजयंती आणि पौर्णिमा एकत्र आली. त्या रात्रीचा चंद्र नेहमीपेक्षा मोठा दिसतो असे बातम्यांत आले म्हणून मुले गच्चीवर गेली. मेट्रोच्या कामाची धूळ आणि धुके यांच्यातूनही चंद्र चांगला दिसला.

५ तारखेला शुक्रवारी टीईटीची सक्ती आणि इतर मागण्यांसाठी शिक्षक संघटनांनी राज्यभर शाळा बंदची हाक दिली होती. शाळेला सुट्टी पडली आणि त्यातूनच आमच्या घरचा प्रश्न उभा राहिला.

आमची लेक दहावीला आहे. विज्ञान प्रकल्पात तिची जोडीदारीण पद्मानगरची. विषय सावलीचा. एक मीटरची काठी उन्हात उभी करून दिवसभर तिची सावली मोजायची. आमची गल्ली इतकी अरुंद की दुपारचे दोन तास सोडले तर ऊन जमिनीला लागत नाही, म्हणून मोजणी मैत्रिणीच्या गच्चीवर ठरली होती. शुक्रवारी शाळेच्या मैदानावर आधी सराव व्हायचा होता, तो राहिला. सोमवारी वही द्यायची. उरला शनिवार, ६ डिसेंबर.

लेकीने जेवताना विषय काढला. दादींचा हात थांबला.

"सहा तारखेला? पद्मानगरला? नाही म्हणजे नाही, बेटी."

"दादी, तुमच्याच सांगण्यावरून दर वर्षी आम्ही घरात बसतो. काही होतं का कधी?"

"काही होत नाही म्हणूनच बसायचं."

आम्ही मध्ये पडलो नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही 'जा' म्हणवत नव्हते. आम्ही शाळेत मुलांना सांगतो की तर्काने विचार करा, पण ६ तारीख आली की आम्हीही मोबाइलवर पुन्हा पुन्हा बातम्या पाहतो. लेकीने मग सरळच विचारले, "भिवंडीत त्या दिवशी नेमकं काय झालं होतं?"

दादी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "काहीच नाही झालं."

हे 'काहीच नाही' किती मोठे होते, ते मुलीला कुणी सांगितलेच नव्हते. तिला आमच्याकडून फक्त भीती मिळाली होती. त्या रात्री बाकीचे सांगायला बसलो.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल पेटली. लोण जळगाव आणि महाडपर्यंत गेले. त्याची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळाली. दादी सांगतात, तेव्हा माग बंद पडल्यावर जी शांतता झाली तिची अधिक धास्ती वाटायची. या गावचा खटखटाट थांबणे म्हणजे काहीतरी वाईट, हे तेव्हापासून त्यांच्या मनात बसले. देशभर भिवंडीचे नाव दंगलीचे गाव म्हणून झाले. मुलींना स्थळे सांगताना लोक विचार करायचे.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत कमिट्या बसवल्या. कमिटीत दोन्ही समाजांची माणसे, आणि त्या बीटचा साधा पोलीस त्यांच्यात बसणारा. बडे पुढारीच हवेत असे नाही. दुकानदार, मागवाले, रिक्षावाले, मास्तर. बैठकीत देशाच्या गोष्टी कमी आणि नळाच्या, गटाराच्या, भाडेकरूच्या जास्त. आमचे अब्बा, म्हणजे मुलांचे दादा, अशा एका कमिटीत होते. दादी तेव्हा त्यांना टोमणा मारायच्या, "गटाराच्या भांडणाला चहा कशाला लागतो?" पण त्या चहामुळे निजामपुऱ्यातल्या माणसाला ब्राह्मण आळीतल्या माणसाचे नाव आणि घर माहीत झाले. समोरासमोर बसून शंभर वेळा बोललेल्या माणसाबद्दल अफवा आली तर आधी त्यालाच विचारावेसे वाटते.

६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत सुमारे ९०० माणसे मारली गेली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात तो हिशेब आहे. मुंबई आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. साऱ्यांना वाटत होते की आता भिवंडीची पाळी. भिवंडी पेटली नाही. खोपडे यांनी पुढे मुंबई का जळाली आणि भिवंडी का नाही यावर पुस्तकच लिहिले.

"तुझे दादा सात रात्री नाक्यावर बसले," दादी म्हणाल्या. "बरोबर कमिटीचे सगळे. आमच्याकडून चहा जायचा, पलीकडून कुणीतरी शेंगदाणे पाठवायचं. कुणी धावत आलं, अमुक ठिकाणी मशिदीला लागलं, तमुक ठिकाणी देवळाला लागलं, की एक आपला आणि एक त्यांचा असे दोघे सायकलवर जाऊन बघून यायचे. काही नाही असं येऊन सांगायचे. मी सात दिवस दूध आटवून ठेवत होते. न जाणो, कर्फ्यू लांबला तर. आठव्या दिवशी तुझे दादा घरी येऊन झोपले. मग त्या दुधाचं काय करायचं? गाजरं होती."

घरात कुणीच बोलले नाही. आमचा हलवा इतका जुना आहे, हे आम्हालाही ठाऊक नव्हते.

भिवंडी तेव्हापासून निष्कलंक राहिली असे म्हणणे खोटे होईल. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तणाव झाला. गोळीबारात दोन माणसे गेली आणि नंतर जमावाने दोन पोलिसांना मारले. त्या चार घरांचे दुःख आमच्या गावाच्या हिशेबात आहेच. तरीही १९९२ चा डिसेंबर आमची कमाई आहे, आणि आम्ही ती मुलांना सांगत नाही. मुंबई, सुरत त्यांना कुठून कुठून कळते. आपल्या आजोबांचे नाक्यावर बसणे कळत नाही.

शेवटी ठरले. लेक जाईल, आम्ही बरोबर जाऊ, मगरिबच्या आधी घरी. दादींनी दुआ पढून तिच्यावर दम केला.

शनिवारी अकराला पायीच निघालो. निजामपुऱ्यातून मंडई, तीन बत्ती आणि तिथून धामणकर नाका. तीन बत्तीला नेहमीची गर्दी होती. बोरे, आवळे, शिंगाडे यांचे ढीग. स्वेटरवाला ओरडत होता आणि घाम पुसत होता. नाक्यावर पोलिसांची गाडी उभी होती. आतला शिपाई वर्तमानपत्रातले कोडे सोडवत होता. एका कोपऱ्यावर टेबल मांडून बाबासाहेबांची तसबीर ठेवली होती, समोर मेणबत्त्या. ६ डिसेंबर १९५६ ला डॉ. आंबेडकर गेले. आदल्या दिवसापासून नाशिक महामार्गाने निळे झेंडे लावलेल्या गाड्या चैत्यभूमीकडे जात होत्या. लेक तिथे क्षणभर उभी राहिली. ज्या तारखेला आम्ही दारे लावून बसत होतो, त्याच तारखेला लाखो माणसे घराबाहेर पडून शांतपणे दादरला जातात, हेही आम्ही घरात कधी बोललो नव्हतो.

धामणकर नाका ओलांडून पद्मानगरात शिरले की पाट्यांवर तेलुगू दिसू लागते. ही तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती. मागाचा आवाज मात्र तोच. मैत्रिणीच्या घरी तिची नानम्मा दारातच बसली होती. आम्हाला पाहून ती उठली आणि मुलीचा हात धरून आत घेऊन गेली.

गच्चीवर काठी उभी झाली. भिवंडीत त्या दिवशी सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजता नव्हे, बारा एकोणतीसला. घड्याळ देशासाठी एकच असले तरी सूर्य प्रत्येक गावी आपल्या वेळेने येतो. त्या क्षणी एक मीटर काठीची सावली ९० सेंटिमीटरच्या जवळपास भरली. हीच सावली मेच्या मध्यावर नाहीशी होते आणि २१-२२ डिसेंबरला सर्वांत लांब होते. मुलींनी खडूने रेघ मारली. आम्ही जवळच्या मशिदीत जोहर अदा करून आलो.

आमच्या लेकीने वहीत घरचे नमाजाचे वेळापत्रक चिकटवून आणले होते. त्यात असरच्या दोन वेळा पाहून मैत्रिणीने विचारले, "दोन का?" लेकीने समजावले. दुपारच्या सावलीत काठीएवढी भर पडली की शाफई मसलकाची असर. कोकणी घरे ती पाळतात. काठीच्या दुप्पट भर पडली की हनफींची. आमचे मोमीन तेव्हा पढतात. दोन्ही बरोबर, दोन्ही एकाच सूर्याच्या. मैत्रीण म्हणाली, "मोजून बघू." तीन अडतीसला सावली १९० सेंटिमीटरच्या आसपास आली. चार चोवीसला तिने त्यात आणखी एक मीटरची भर घातली. दोघींनी टाळी दिली. हातातल्या घड्याळाशिवाय माणसे चौदाशे वर्षे हेच तर मोजत आली!

खाली नानम्माने चहा केला होता. चिक्की पुढे करत ती मोडक्या मराठीत म्हणाली, "आज तुम्ही पोरीला पाठवली. मला वाटलं, नाही पाठवणार."

आम्ही म्हणालो, "घरी थोडी काळजी होतीच."

ती हसली. तिने स्वयंपाकघराकडे बोट दाखवले. ओट्यावर दुधाचे मोठे पातेले झाकून ठेवलेले होते. "काल जास्तीचं घेतलं. दर वर्षी घेते. नातवाला पण आज क्लासला पाठवलं नाही." मग म्हणाली, "त्या साली आमचा म्हातारा पण बसला होता नाक्यावर. तुमच्या लोकांबरोबर."

शेंगदाणे तिच्याच घरून येत होते का, ते आम्ही विचारले नाही. गावात अशी शेंगदाणे पाठवणारी घरे बरीच असतील. पण तेहतीस वर्षे दोन घरांत एकाच तारखेला एकाच कारणाने दूध जास्त घेतले जात होते आणि दोघींना वाटत होते की भीती फक्त आपल्याच घरात आहे. नळासाठी आणि गटारासाठी एकत्र बसणे बंद झाले की असेच होते. ओल गेली की सूत तुटते. एखादा चहा, एखादा सावलीचा प्रकल्प, एवढ्याने पुरते असे नाही, पण सुरुवात तेवढ्यापासूनच होते. शेजाऱ्याचा हक्क आपण वाजमध्ये वर्षानुवर्षे ऐकतो. तो अदा करायला आधी त्याच्या दारापर्यंत जावे लागते.

सूर्य सहाला मावळला. मगरिबच्या आधी पोहोचायचे ठरले होते, आम्ही अजान चालू असताना दारात शिरलो. दादी तसबीह हातात घेऊन उंबऱ्याशीच होत्या. त्यांनी मुलीला नखशिखान्त पाहिले आणि फक्त विचारले, "खाल्लं का काही?"

लेकीने चिक्की पुढे केली, मग सगळे सांगितले. पातेल्यापर्यंत आल्यावर दादींनी तिला थांबवले. "किती दूध घेतलं होतं तिनं?"

"तीन लिटर असेल."

"मग हलवा करते का ती?"

"माहीत नाही, दादी."

रविवारी सकाळी किसणी निघाली. अल्लाहच्या मेहरबानीने तो नेहमीसारखाच रविवार होता. माग चालू होते, खाली पिंजारी ओरडत होता, कुणाचा तरी नळ गळत होता आणि त्यावरून दोन घरे भांडत होती. दुपारपर्यंत हलवा झाला. दादींनी पहिला डबा भरला, वर काजू लावले आणि तो लेकीच्या हाती दिला. "पद्मानगरला देऊन ये. डबा रिकामा आणू नको म्हणावं, पण मागूही नको."

लेक निघताना वळून म्हणाली, "दादी, पुढच्या वर्षी दूध किती घ्यायचं?"

दादींनी विचार केला. "एकच लिटर घेऊ."

"मग हलवा?"

"हलव्यासाठी सात तारखेला वेगळं घेऊ, इन्शाअल्लाह."